एकच उद्देश लिहा

कन्नमवार नगर, बिल्डिंग एकशे त्रेसष्ट, दुसरा मजला,
दाराबाहेर चार चपला, एकीचा अंगठा तुटलेला.
एका फॉर्ममागे पस्तीस रुपये मिळतात मला,
जिने कुणी मोजत नाही.

हिंदळेकर आधी बोलले, बनियनवर शर्ट चढवत.
घर ते पवई, सकाळी सव्वाआठ.
पवई ते घर, संध्याकाळी सात.
उद्देश नोकरी, कोड एक.
दोन ओळी. खाडाखोड नाही.
"झालं?" म्हणाले. झालं होतं.
"जरा जाऊन येतो," असं घराला सांगून गेले.
कुठे, ते कुणी विचारलं नाही.
मीही नाही,
आणि मला तर विचारायचेच पैसे मिळतात.

"वहिनी, तुमचा कालचा प्रवास?"
"माझा कसला प्रवास! मी कुठे जातेय?"
तिने हसून गॅस बारीक केला.

मग पाण्याचा ग्लास पुढे करताना,
"काल ना, मुग्धाला शाळेत सोडली,
तशीच गिरणीत दळणाचा डबा ठेवला,
मग रिक्षा, मग बस,
सासूबाईंचे रिपोर्ट, राजावाडीला.
येताना बँकेत ह्यांचं पासबुक भरून घेतलं,
एक स्टॉप आधी उतरले, तिथे कोथिंबीर स्वस्त असते.
शाळा सुटायला वीस मिनिटं होती,
घरी जाऊन परत कोण येणार,
फाटकासमोर उभी राहिले. हे लिहायचं?"
"उभं राहणं नाही," मी म्हटलं.
"दळण विसरले होते, त्यासाठी परत खाली. ते?"

दहा मिनिटांच्या आतलं चालणं धरायचं नाही,
ट्रेनिंगमध्ये दोनदा बजावलंय.
दळण गेलं. शाळा गेली,
जाताना एकदा आणि येताना एकदा.

उरलेल्याचे मी पाठकोऱ्या बाजूवर बाण काढत बसले.
कोथिंबिरीचा कोड तीन, रिपोर्टचा चार,
पण दोन्ही आली एकाच पिशवीतून,
एक्स-रेच्या पाकिटाला अजून ओल होती.
रकान्यावर ठळक छापलंय,
एकच उद्देश लिहा.

"आणखी काही?"
आतल्या खोलीत सासूबाईंची मालिका चालू होती.
तिने कढईवर झाकण ठेवलं,
जरा जास्तच हळू.
"परवाचं चालेल?
बसमधून आपल्या स्टॉपला उतरलेच नाही मी.
बसून राहिले. खिडकीची जागा होती.
डेपो आला, सगळे उतरले,
कंडक्टर म्हणाला, ताई, जायचंय कुठे?
मला सांगताच येईना बघ.
त्याच बसचं परतीचं तिकीट काढलं.
घरी म्हटलं, औषधाला लाइन होती."

फॉर्म फक्त कालचं विचारतो.
परवाला रकाना नाही.
कोड पाच करमणूक, कोड सहा इतर,
माझं पेन दोन्हींच्या मध्ये लोंबकळत राहिलं.
"लिहू नकोस हं," ती म्हणाली,
आणि मग, "लिहिलं तर काय लिहिशील?"

मी तिला सांगितलं नाही
की घरी मी पस्तीस रुपयांचं नाव सांगते,
की मागच्या बुधवारी सगळे फॉर्म साडेबारालाच संपले होते
आणि मी पाचपर्यंत खाडीच्या बाजूला
खारफुटीतली पाखरं बघत उभी होते,
पॅड हातात धरून, कुणी विचारलंच तर.

"चला, जाते मी."
"जाते म्हणू नये गं. येते म्हण."
येते म्हटलं. चपलांमधून माझी ओळखून काढली.

खाली नाक्यावर हिंदळेकर होते,
नाल्याच्या कठड्याला रेलून.
कुणाशी बोलत नव्हते, कुणाची वाट बघत नव्हते.
दोन्ही हात मोकळे.
मी पॅड छातीशी धरलं
आणि उशीर झाल्यासारखी
भराभर त्यांच्यासमोरून गेले.